रिपोर्टमधले ठळक आकडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सकाळी कामावर निघण्याआधी डोंबिवलीत रक्त द्यायचं आणि संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये मोबाइलवर रिपोर्ट उघडायचा, हे आता अंगवळणी पडलं आहे. ठाणं येईपर्यंत ठळक छापलेले आकडे मोजून होतात आणि डोंबिवली येईपर्यंत गूगलने एखादा भयंकर आजार चिकटवलेला असतो. महिनोन् महिने थकवा, कणकण किंवा सांधेदुखी असेल, तर हे आणखी लवकर घडतं. अशा वेळी हमखास होणारे काही गैरसमज पाहू.

गैरसमज : आकडा मर्यादेबाहेर गेला, म्हणजे आजार आहेच.

वस्तुस्थिती : रिपोर्टवरची मर्यादा बहुतेक चाचण्यांत निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. म्हणजे ठणठणीत माणसांतही विसांत एक जण तिच्याबाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा बाहेर असण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. ‘फुल बॉडी चेकअप’च्या भल्यामोठ्या पॅकेजमध्ये एखाददुसरा आकडा ठळक दिसला, तर त्यात नवल नाही. तो किती बाहेर आहे, आधी किती होता आणि पुन्हा तपासल्यावर किती आला, हे महत्त्वाचं.

गैरसमज : हिमोग्लोबिन कमी, म्हणजे लोहाच्या गोळ्या घ्यायच्या.

वस्तुस्थिती : आपल्याकडे लोहाची कमतरता सर्रास आढळते, त्यामुळे पहिला संशय तिच्यावर जातो, ते बरोबरच. पण महिनोन् महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर सीबीसीचा रिपोर्ट पुन्हा नीट वाचायला हवा. समजा हिमोग्लोबिन ११ आहे, एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, ६२ आहे, पण पेशींची संख्या मात्र ५८ लाख. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात आणि सहसा संख्येनेही कमी पडतात. इथे त्या लहान असूनही भरपूर आहेत. हे चित्र थॅलेसेमिया मायनरचं असू शकतं. एचबीए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीने ते पडताळता येतं. हे प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर ती व्यक्ती वाहक ठरते. शरीरात लोहही कमी असेल, तर हा आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासतात.

आपल्या भागात हे जास्त लक्षात ठेवायला हवं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी कल्याणजवळ वसली आणि त्यातूनच उल्हासनगर उभं राहिलं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत या वाहकांचं प्रमाण जास्त आढळतं. इतर समाजांतही ते असतातच. वाहकाला स्वतःला फारसा त्रास नसतो. मात्र नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते आणि अशा मुलांना जन्मभर रक्त चढवावं लागतं. म्हणून ही तपासणी लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तरी व्हावी. वाहक असणं हा काही दोष नाही. शंका असेल, तर रक्ताच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातच आहे.

गैरसमज : विडाल पॉझिटिव्ह, म्हणजे टायफॉइड.

वस्तुस्थिती : ही चाचणी १८९६ सालची. ती जंतू शोधत नाही, प्रतिपिंडं मोजते. पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड, घेतलेली लस किंवा दुसराच एखादा ताप, यांमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो एकाच वेळी फिरत असताना एकट्या विडालवर विसंबून राहणं धोक्याचं. टायफॉइडच्या खात्रीसाठी ब्लड कल्चर लागतं आणि त्याचं रक्त अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेलं बरं. क्षयाचं निदान करण्यासाठी रक्तातली प्रतिपिंडं तपासणाऱ्या चाचण्यांवर तर भारतात २०१२ पासून बंदी आहे. सरकारी क्षयरोग केंद्रांत थुंकीची जनुकीय तपासणी मोफत होते.

गैरसमज : एएनए पॉझिटिव्ह, म्हणजे ल्युपस.

वस्तुस्थिती : ल्युपससारख्या आजारांत शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवतं ती प्रतिपिंडं एएनए चाचणी शोधते. पण १:४० या पातळीवर जवळपास चार निरोगी माणसांत एकाची एएनए पॉझिटिव्ह येऊ शकते. सांधे सुजणं, उन्हाने पुरळ उठणं, लघवीतून प्रथिनं जाणं असं काही सोबत असेल, तरच त्या आकड्याला वजन येतं.

गैरसमज : मशीनने दिलेला आकडा चुकत नाही.

वस्तुस्थिती : मशीनपर्यंत रक्त कसं पोचलं, यावर बरंच अवलंबून असतं. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीन तो पुंजका नीट मोजत नाही आणि काही त्रास नसलेल्या माणसाच्या ‘पेशी कमी’ दिसतात. काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाने पाहिलं किंवा वेगळ्या नळीत रक्त घेतलं की उलगडा होतो. रक्त घेताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. नमुना दुसरीकडे पाठवायला उशीर झाला, तर साखर कमी भरू शकते.

गैरसमज : सगळे रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे त्रास मनाचा.

वस्तुस्थिती : जे तपासलंच नाही, ते रिपोर्टमध्ये दिसणार कसं? शाकाहारी व्यक्तीला किंवा मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहीला पायांत मुंग्या येत असतील, तर बी१२ बघावं लागतं. ते कमी असतानाही सीबीसी बिनतक्रार येऊ शकतो. झोपेत श्वास अडखळणं किंवा मायग्रेन रक्तात दिसत नाही. नैराश्यही दिसत नाही, पण तोही खराच आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

मग करायचं काय?

त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, कोणती औषधं चालू आहेत (काढे आणि सप्लिमेंटसुद्धा), हे एका कागदावर लिहा. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा आणि एकाच फिजिशियनला सलग दाखवा. दर वेळी नवा डॉक्टर गाठला की तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दुसरं मत जरूर घ्या, पण तीच फाइल घेऊन. उपचारांची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर २००२च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. खर्च झेपत नसेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठता येतं. दुर्मीळ आजाराची शंका असेल, तर परळचं केईएम हे त्यासाठी नेमलेलं केंद्र आहे.

कारण नसताना वजन घटत असेल, रात्री घामाने कपडे भिजत असतील किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर फाइल लावत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. छातीत दुखतंय किंवा धाप लागतेय, तर थेट रुग्णालय गाठा.