नातवंडांची घरशाळा आणि आजी-आजोबांचे वेळापत्रक

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा निर्णय आई-वडील घेतात. परंतु ते दोघे नोकरीवर गेल्यानंतर ती शाळा प्रत्यक्षात चालवतात आजी-आजोबा. आपण अशा घरातील ज्येष्ठ असाल, तर अभ्यासक्रम आखला जात असताना आपणही त्या बैठकीत बसायला हवे. भिंतीवर लागलेल्या वेळापत्रकात पुढे आपलाच दिवस खर्ची पडणार असतो.

प्रथम तासांविषयी. शाळेतील पाच-सहा तासांपैकी बराच काळ हजेरी, रांगा आणि इतरांची वाट पाहणे यांत जातो. घरी एकट्या सात-आठ वर्षांच्या मुलाला बसून शिकण्यासाठी दोन ते अडीच तास पुरेसे आहेत, असे माझे मत आहे. सकाळी भाषा आणि गणित उरकावे. बाकीचे शिक्षण डाळ-तांदूळ मोजताना, पासबुकातील बेरजा पडताळताना, कुंडीतल्या मिरचीच्या रोपाची नोंद ठेवताना होते, आणि ते आपल्याइतके निवांतपणे दुसरे कोण शिकवणार?

पुस्तकांसाठी फार खर्च नको. ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती एकदा आपणही चाळावीत. २०१९मध्ये दुसरीच्या गणितात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा बराच वाद झाला होता. आपण एक म्हणावे आणि पुस्तकाने दुसरे, यात मूल गोंधळते. दोन्ही रीती त्याला सांगून टाकाव्यात.

शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी शाळेचा हक्क देतो. घरशिक्षणाविषयी त्यात स्वतंत्र तरतूद नाही. म्हणून परीक्षेचा मार्ग आरंभीच ठरवून ठेवणे शहाणपणाचे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष आहेत. हे कागदपत्रांचे काम मात्र आई-वडिलांकडेच राहू द्यावे.

वैद्य म्हणून मला खरी काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. सरकारी शाळांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके मुलांची तपासणी करतात, जंतनाशकाच्या गोळ्या दिल्या जातात. अन्य शाळांतही फळ्यावरचे दिसत नसलेले मूल निदान शिक्षकांच्या लक्षात येते. घरी फळाच नसतो. हातातले पुस्तक स्वच्छ वाचणाऱ्या मुलाला दूरचे अंधुक दिसत असेल, तर ते कित्येक महिने कळतही नाही. म्हणून अभ्यासक्रमाच्या कागदावरच वर्षातून एकदा दृष्टी, श्रवण व दात यांची तपासणी आणि उंची-वजनाची नोंद लिहून ठेवावी. पाच-सहा वर्षांची डीपीटीची वर्धक मात्रा आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडीची लस यांच्या तारखाही तेथेच असाव्यात.

मूल रोज किमान एक तास घाम येईपर्यंत खेळले पाहिजे आणि तेही इतर मुलांत. उन्हाच्या प्रकाशात मोकळ्यावर घालवलेला वेळ लघुदृष्टी रोखण्यास साहाय्यक ठरतो. हा खेळाचा तास वेळापत्रकात गणिताइतकाच पक्का हवा. पडद्यावरच्या धड्यांनी तो गिळू नये.

आता आपल्याविषयी. घरशाळेच्या घरांतील आजी-आजोबांच्या तक्रारी ठरावीक असतात: जेवणाची वेळ टळली, दुपारची गोळी राहिली, फिरणे बंद झाले. मधुमेहाची काही औषधे घेणाऱ्या व्यक्तीने ‘एवढे उदाहरण होऊ दे’ म्हणून जेवण लांबवले, तर साखर एकाएकी उतरू शकते. हात थरथरणे, दरदरून घाम येणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. तेव्हा उदाहरण तसेच सोडून तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि लगेच जेवावे. ती लक्षणे नातवंडालाही शिकवून ठेवावीत, साखरेचा डबा व शेजारच्यांचा दूरध्वनी क्रमांक त्याला ठाऊक असावा.

दुपारची विश्रांती, संध्याकाळचे फिरणे आणि आठवड्यातून एक पूर्ण सुटी या तीन गोष्टी आपण सून, मुलगा किंवा लेक-जावई यांच्याशी आधीच स्पष्ट बोलून घ्याव्यात. संकोच वाटत असेल तर पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत आणावे. रक्तदाबाच्या नोंदवहीसमोर बसून हे बोलणे पुष्कळ सोपे होते.