पिळाचे गुपित

‘रस्सी जल गई, बल न गया’ ही म्हण तुम्ही घरी ऐकली असेल. मराठीत तीच म्हण ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ अशी आहे. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी आणि पीळ म्हणजे बल. हट्टी माणसाविषयी बोलताना ही म्हण वापरतात. आज मात्र आपण एका वेगळ्याच पिळाची माहिती घेऊ. तो आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे.

पेशीत डीएनए नावाचा अतिशय बारीक धागा असतो. शरीर कसे घडावे आणि कसे चालावे, याच्या सूचना त्यात साठवलेल्या असतात. १९५३ साली जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी या धाग्याची रचना सांगितली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाचा त्यांना फार उपयोग झाला. डीएनएला दोन पदर असतात. ते एकमेकांभोवती पिळलेले असतात, म्हणून तो पिळलेल्या शिडीसारखा दिसतो. या शिडीच्या सुमारे साडेदहा पायऱ्यांमागे एक पूर्ण वेढा पडतो.

आता एक नवल पाहा. माणसाच्या एका पेशीतील सगळा डीएनए सरळ केला, तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरेल. पण तो ज्या केंद्रकात राहतो, त्याची रुंदी एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. एवढा लांब धागा एवढ्याशा जागेत कसा मावतो?

हे समजण्यासाठी एक प्रयोग करा. दोन हात लांब सुतळी घ्या. तिचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. दुसरे टोक बोटांत धरून एकाच दिशेने पीळ देत राहा. मग हात हळूहळू गजाकडे न्या. काय होते? सुतळी मध्येच स्वतःभोवती गुंडाळली जाते आणि आखूड होते. पिळावर पडलेल्या या पिळाला शास्त्रज्ञ ‘सुपरकॉइल’ म्हणतात. डीएनएही असाच आटोपशीर होतो. शिवाय माणसाच्या पेशीत तो प्रथिनांच्या बारीक रिळांभोवतीही गुंडाळलेला असतो.

परंतु नुसते गुंडाळून ठेवून भागत नाही. पुस्तक बांधून ठेवले तर वाचणार कसे? डीएनएमधील सूचना वाचायच्या असतील किंवा त्याची नक्कल करायची असेल, तर त्याचे दोन पदर वेगळे करावे लागतात. आता दुसरा प्रयोग करा. दोन पदरी सुतळीची दोन्ही टोके घट्ट बांधा. तिच्या पदरांमध्ये पेन्सिल घाला आणि ती पुढे सरकवा. पेन्सिलीच्या पुढे पीळ अधिकाधिक घट्ट होत जातो. शेवटी पेन्सिल अडते.

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू असतात. ते डीएनएची नक्कल करतात, तेव्हा एका सेकंदात सुमारे १००० पायऱ्या उलगडतात. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ शंभर वेढे सुटतात. पुढचा पीळ कोणी काढला नाही, तर काम तत्काळ बंद पडेल.

हा पीळ काढण्याचे काम काही विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात. त्यांतील पहिले विकर जेम्स वांग यांनी शोधले. त्याची माहिती १९७१ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९७६ साली मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गायरेज’ हे विकर शोधले. गायरेज डीएनएचे दोन्ही पदर कापते, त्या फटीतून धाग्याचा दुसरा भाग पलीकडे नेते आणि कापलेली टोके पुन्हा जोडते. अशा प्रकारे ते जंतूचा डीएनए थोडा सैल ठेवते. सैल पिळाचा दुहेरी फायदा होतो. धागा वेटोळे घालून लहान जागेत मावतो आणि गरज पडताच त्याचे पदर सहज उघडतात.

मित्रांनो, या माहितीचा आपल्या आरोग्याशी जवळचा संबंध आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक जंतूच्या गायरेजलाच पकडते. डीएनए कापला जातो, पण पुन्हा जोडला जात नाही. त्यामुळे जंतू मरतो. माणसाच्या पेशीतील विकरे वेगळ्या घडणीची असल्यामुळे त्यांच्यावर या औषधाचा परिणाम फारच कमी होतो.

पण जंतूही बदलतात. एखाद्या जंतूच्या गायरेजमध्ये किंचित बदल झाला, की औषध त्याला नीट पकडू शकत नाही. आपण ताप आला की मनानेच गोळ्या घेतो किंवा डॉक्टरांनी दिलेली औषधे अर्धवट घेतो. अशा वेळी साधे जंतू मरतात, बदललेले मात्र उरतात आणि वाढतात. विषमज्वराच्या, म्हणजे टायफॉइडच्या, कित्येक जंतूंवर आज सिप्रोफ्लॉक्सासिन पूर्वीसारखे चालत नाही. त्यामागे गायरेजमधील असे बदल हे एक मोठे कारण आहे.

म्हणून प्रतिजैविक डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. घेतले तर सांगितले तसे आणि सांगितले तितके दिवस घ्या. घरातील वडीलधाऱ्यांनाही हे अदबीने समजावून सांगा. पुढच्या वेळी सुतळीची गाठ सोडवताना आठवण ठेवा, की असाच पीळ तुमच्या पेशीपेशीत रात्रंदिवस सुटत आहे.