रुमालातून सुटलेलं पत्र

हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ ला निघाला आणि ‘कुणबी नोंद सापडली का?’ हा प्रश्न गावोगाव पुन्हा सुरू झाला. मराठा आरक्षणाचं राजकारण बाजूला ठेवू. त्या वादात दफ्तरखान्यांचं एक जुनं दुखणं आहे, मला त्यात जास्त रस. गॅझेटियरमध्ये जातींचे आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत. मग ढिगाबद्दल लिहिलेलं ढिगातल्या एकेकाला लागू होतं का?

ते काय लिहिलंय त्यावर आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. चौकोनी कापड, वर गाठ, आत मोडीतल्या कागदांचा गठ्ठा. रुमाल कुठून आला, ही माहिती आतल्या प्रत्येक कागदाला मिळते. आत कागद किती, ही फक्त रुमालाची. फसवतो तो विषय. वर ‘हिशेब’ लिहिलेलं असलं म्हणून मध्येच एखादं घरगुती पत्र निघणार नाही, असं कोण सांगणार?

उलट बाजूही आहे, आणि ती जास्त मजेची. कितीतरी जुन्या पत्रांवर तारीख म्हणून ‘छ ५ रजब’ एवढंच असतं. ‘छ’ म्हणजे चंद्र. वर्षाचा पत्ता नाही. ते मजकुरावरून काढायचं, नाहीतर शेजारच्या कागदांवरून. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० पासून पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. उपकार मोठेच. पण निवड विषयवार होती, त्यामुळे खंडातला शेजारी रुमालातलाही शेजारी असेल याचा भरवसा नाही.

अभिलेखांच्या वर्णनाचा ‘आयसॅड’ नावाचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. वरच्या पातळीवर सांगितलेलं खाली पुन्हा सांगू नका, हा त्यातला एक नियम. सूची पहिल्या पानापासून वाचणाऱ्याला तो सोयीचाच. पण आता आपण शोधचौकटीत शब्द टाकतो आणि थेट एका पानाच्या फोटोवर उतरतो. रुमाल वरच राहतो. माझं मत विचाराल तर रुमालाची माहिती पानासोबत दिसलीच पाहिजे, पण ‘ही रुमालावरून घेतली’ असं स्पष्ट लिहून. वर्ष अंदाजाने घातलं असेल तर तेही सांगून. नाहीतर मेटाडेटाच्या रकान्यात बसलेला अंदाज उद्या पुरावा म्हणून फिरेल.

स्कॅनिंगचा हिशेब पानांवर होतो. रुमालाच्या गाठीपाशी अडकवलेली चिठ्ठी त्यात पान म्हणून धरतात का?