होम थिएटरसाठी युनिव्हर्सल रिमोटची निवड : काही निकष

होम थिएटरमधील प्रत्येक उपकरणाचा रिमोट वेगळा असतो. त्या सर्वांऐवजी एकच युनिव्हर्सल रिमोट निवडताना बटनांच्या संख्येपेक्षा संकेतवहनाची पद्धत पाहणे अगत्याचे ठरते. बहुतांश उपकरणे सुमारे ३८ किलोहर्ट्झ वारंवारितेच्या अवरक्त स्पंदनांवर चालतात. केवळ ब्लूटूथवर चालणाऱ्या उपकरणांस असा रिमोट निरुपयोगी होय. दुसरे असे की, चालू व बंद यांसाठी एकच संकेत असल्यास आधीच चालू असलेले उपकरण बंद पडते. म्हणून दोन्हींसाठी स्वतंत्र संकेत पाठविणारा रिमोट श्रेयस्कर. लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटची जुळणी कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होती आणि २०२१ मध्ये त्याचे उत्पादनच थांबले. सबब, मूळ रिमोटचे संकेत शिकून स्वतःतच साठविणारा रिमोट घेणे दीर्घकालीन हिताचे आहे.