ई-कार रात्री किती वाजता चार्जिंगला लावायची? गावात उत्तर घड्याळात नाही, फीडरवर आहे

अहिल्यानगर : संध्याकाळचे सात वाजलेत. गोठ्यात दूध काढायचं काम चालू आहे, कुट्टी मशीन फिरतंय, गिरणीवर रांग आहे, घरोघरी टीव्ही आणि पंखे सुरू आहेत. अशा वेळी कुणी तालुक्याहून आलेली इलेक्ट्रिक कार दारात उभी करतो आणि लगेच पिन खोचतो. दिवे थोडे मंद होतात. शेजारचा फ्रीज गुरगुरतो. गाडीवाल्याला वाटतं, चार्जिंग सुरू झालं, काम झालं. पण नेमकी हीच वेळ गाडी चार्ज करायला सगळ्यात वाईट असते.

संगमनेर, राहुरी, नेवासा, श्रीरामपूर अशा तालुक्यांतल्या गावांतही आता ई-कार दिसू लागल्या आहेत. हमरस्त्यावर चार्जिंग स्टेशन असलं तरी रोजचं चार्जिंग घरीच होतं. त्यामुळे "पिन कधी लावायची" यापेक्षा "वीज कधी घ्यायची" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पिन संध्याकाळी लावून ठेवली तरी चालते. चार्जिंग मात्र ठरलेल्या वेळी सुरू व्हावं, अशी सोय आता बऱ्याच गाड्यांत असते. तिलाच शेड्यूल चार्जिंग म्हणतात.

रात्री वीज स्वस्त मिळते का?

इंटरनेटवरच्या अनेक व्हिडिओंत "रात्री चार्ज करा, बिल अर्ध्यावर येईल" असं सांगितलेलं असतं. ते व्हिडिओ बहुधा परदेशातले असतात. ब्रिटनसारख्या देशात घरगुती ग्राहकाला रात्रीसाठी वेगळा स्वस्त दर मिळू शकतो. आपल्याकडचं गणित उलटं आहे.

महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी १ जुलै २०२५ पासून वेळेनुसार सवलत आली. ज्यांच्याकडे स्मार्ट टीओडी मीटर बसला आहे, त्यांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर झाली. दिवसा सौरवीज भरपूर असते, म्हणून ही सवलत दिवसाची आहे. तीत रात्रीचे तास नाहीत. दर आणि सवलती वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलतात. आपल्याला सध्या काय लागू आहे ते ताज्या बिलावर पाहून घ्यावं.

या सवलतीने किती फरक पडतो, तेही मोजून पाहावं. एका वेळच्या चार्जिंगला १६ युनिट लागली, तर ८० पैशांप्रमाणे १२ रुपये ८० पैसे वाचतात. गाडी दुपारी घरीच उभी असेल आणि मीटर स्मार्ट असेल, तर दुपारी चार्ज करणं फायद्याचंच. पण ज्याची गाडी दिवसभर बाहेर असते, त्याने एवढ्यासाठी धावपळ करण्यात अर्थ नाही.

मग रात्रीचा आग्रह कशाला? कारण व्होल्टेज आणि डीपी.

डीपीवर काय होतं?

गावात ६३ किंवा १०० केव्हीएची डीपी सर्रास दिसते. ६३ केव्हीएच्या डीपीत तीन फेज असतात. म्हणजे प्रत्येक फेजच्या वाट्याला २१ केव्हीए येतात. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लागणारा गाडीचा चार्जर सुमारे ३ किलोवॅट ओढतो. भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर ७ किलोवॅटच्या आसपास घेतो. असे तीन मोठे चार्जर एकाच फेजवर एकाच वेळी चालू झाले, तर त्या फेजचा वाटा तिथेच संपला. गल्लीतले दिवे, पंखे, मोटारी, गिरणी हे सगळं त्यावर आणखी.

संध्याकाळी सहा ते दहा हा गावठाण फीडरवर सगळ्यात जास्त भाराचा वेळ. तेव्हा व्होल्टेज पडतं, डीपी तापते. उन्हाळ्यात डीपी जळाली तर अख्खी गल्ली अंधारात जाते, नळपाणी योजनेची मोटार थांबते, आणि नवी डीपी येईपर्यंत सगळे वाट बघत बसतात. एका गाडीने डीपी जळत नाही. पण आधीच भरलेल्या डीपीवर संध्याकाळी सातला तीन-चार गाड्या लागल्या, तर त्याचा त्रास साऱ्या गल्लीला होतो.

रात्री अकरानंतर गाव झोपतं. भार उतरतो, व्होल्टेज वर येतं. गाडीला तेव्हा वीज नीट मिळते आणि कुणाला त्रासही होत नाही.

कमी व्होल्टेजला चार्जिंग लांबतं

घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या मागेपुढे सहा टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट असावा असं गृहीत असतं. फीडरच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी तो १९० वरही येतो.

समजा गाडीची बॅटरी २४ युनिटची आहे आणि ती ३० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर न्यायची आहे. बॅटरीत १४.४ युनिट जातात. चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर साधारण १६ युनिट पडतात. चार्जर १३ अँपिअर घेत असेल तर :

- २३० व्होल्टला सुमारे ३ किलोवॅट, म्हणजे साधारण सव्वापाच ते साडेपाच तास.
- १९० व्होल्टला सुमारे अडीच किलोवॅट, म्हणजे साडेसहा तास.

व्होल्टेज फारच खाली गेलं तर चार्जर स्वतःच बंद पडतो, आणि सकाळी गाडी तेवढीच रिकामी सापडते. रात्री ११ ला सुरू केलं आणि व्होल्टेज ठीक असलं, तर हेच काम पहाटे साडेचारच्या सुमाराला उरकतं. पुढे पाच वाजता गोठा, पाण्याची मोटार, गिझर सुरू होतात, त्याच्या आत गाडी मोकळी.

बॅटरी रोज भरण्याचीही गरज नसते. दिवसाला ४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला सहा युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे दोन तासांचं काम. एकाच डीपीवर दोन-तीन गाड्या असतील तर बोलून पाळी लावता येते : एकाने ११ ते २, दुसऱ्याने २ ते ५.

वस्तीवर राहत असाल तर हिशोब वेगळा

इथपर्यंतचं सगळं गावठाण फीडरचं झालं. मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्या अनेकांची घरं कृषी फीडरवर असतात, आणि तिथे "रात्री अकरानंतर" हा नियम फसू शकतो.

कृषी फीडरला थ्री फेज वीज आठ तास, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी अशी आलटून पालटून मिळते. ज्या आठवड्यात रात्रपाळी असते, त्या आठवड्यात रात्री दहा-अकराला शिवारातले सगळे पंप एकदम चालू होतात. कांद्याला, गव्हाला, उसाला पाणी सुटलेलं असतं. त्या वेळी गाडी लावली तर व्होल्टेज संध्याकाळपेक्षाही वाईट मिळेल. उरलेल्या वेळात काही फीडरवर फक्त सिंगल फेज वीज सोडतात. ती दिव्या-पंख्यांपुरती असते. तिच्यावर तीन किलोवॅटचा भार टाकण्याआधी गावच्या वायरमनला विचारलेलं बरं.

म्हणून वस्तीवरच्या गाडीवाल्याने आधी पाळीचं वेळापत्रक घ्यावं आणि त्यावरून गाडीची वेळ लावावी. पाळी बदलली की गाडीतली वेळही बदलावी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून ज्या फीडरला दिवसा वीज मिळू लागली आहे, तिथे पंप दिवसा चालतात आणि रात्र मोकळी राहते. तिथे गावठाणासारखीच वेळ चालेल.

नेमकं कळण्यासाठी सोपा उपाय आहे. सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर बाजारात मिळतो. आठवडाभर संध्याकाळी ७, रात्री ११ आणि पहाटे ४ ला आकडा वहीत लिहावा. कोणती वेळ आपली, ते वहीच सांगेल.

पंपाच्या मीटरवरून गाडी? नको

"विहिरीवरची वीज फुकट आहे, तिथूनच वायर ओढू" हा विचार काहींच्या मनात येतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज योजना लागू आहे, पण ती वीज पंपासाठी आहे. ज्या कामासाठी जोडणी दिली ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर तो वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि दंडासह आकारणी होते. आकडा टाकला तर ती सरळ वीजचोरी, कलम १३५.

घरच्या मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज करायला मात्र आडकाठी नाही. आहे त्या वीजजोडणीवरून घरी गाडी चार्ज करता येईल, असं केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे. फक्त बिलावरचा मंजूर भार पाहावा. जुन्या घरांत तो एक किलोवॅटच्या आसपास असतो. तीन किलोवॅटचा चार्जर लावायचा तर भार वाढवून घ्यावा. अर्ज महावितरणच्या ॲपवरून किंवा उपविभागीय कार्यालयात करता येतो. भार खरा नोंदवला तरच डीपी मोठी करायची गरज कागदावर दिसते. ७ किलोवॅटच्या चार्जरसाठी थ्री फेज घ्यायचं झालं तर स्थिर आकार वाढतो. रोज ४०-५० किलोमीटर फिरणाऱ्याला त्याची सहसा गरज पडत नाही.

बिल किती वाढेल?

महिन्याला १००० किलोमीटर, युनिटमागे ७ किलोमीटर धरले तर सुमारे १४५ युनिट वाढतात. घराचा वापर आधी ९० युनिट असेल तर एकूण २३५ होतो. पहिल्या १०० युनिटला कमी दर, त्यावरच्या युनिटला १०१ ते ३०० चा दर लागतो आणि तो जवळपास दुप्पट असतो. वाढलेली युनिट सगळे आकार धरून १३ रुपयांना पडली असं मानलं, तर बिलात १९०० रुपयांच्या आसपास भर पडेल. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला एवढ्याच अंतराला ६६-६७ लिटर पेट्रोल लागतं. फरक वाचकांनीच काढावा.

वेळ लावायची कशी?

- गाडीच्या स्क्रीनवर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची सुरुवात-शेवटची वेळ लावायची सोय आहे का, ते पाहावं. गावात रेंज जाते, म्हणून जमेल तर ॲपऐवजी गाडीतच वेळ लावावी.
- गाडीत सोय नसेल तर भिंतीवरच्या चार्जरमध्ये असू शकते. तीही नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून टायमर आणि काँटॅक्टर बसवून घ्यावा. सजावटीच्या लाईटला लावायचा स्वस्त टायमर यासाठी वापरू नये. तो वितळतो.
- मध्येच वीज गेली आणि परत आली, तर चार्जिंग आपोआप सुरू होतं का? बहुतेक चार्जरमध्ये होतं, पण सगळ्यांत नाही. एकदा चार्जिंग चालू असताना मेन स्विच बंद करून, पाच मिनिटांनी चालू करून खात्री करावी.
- किती टक्क्यांपर्यंत भरायचं, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावं. काही बॅटऱ्यांना रोज ८० टक्के पुरे म्हणतात, तर एलएफपी बॅटरी अधूनमधून १०० टक्के भरायला सांगतात.

झोपण्याआधी सुरक्षा

रात्रीचं चार्जिंग म्हणजे घर झोपलेलं असताना पाच-सहा तास सलग मोठा भार. गिझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी होत नाही. त्यामुळे वायरिंगमध्ये काटकसर नको.

मीटरपासून गाडीच्या सॉकेटपर्यंत वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. अर्थिंग नीट नसेल तर अनेक चार्जर लाल दिवा दाखवून चालूच होत नाहीत. तो दिवा टाळायला जुगाड करणं म्हणजे गाडीच्या पत्र्याला हात लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं. एक्स्टेन्शन बोर्ड आणि इन्व्हर्टरची लाईन अजिबात नको.

गावाकडे खांबावरचा न्यूट्रल तुटून घरात अचानक जास्त व्होल्टेज येण्याचे प्रकार होतात. त्यासाठी कमी-जास्त व्होल्टेजला वीज तोडणारं उपकरण मेनला बसवून घ्यावं. पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लगला बाहेरून हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, तर मेनवरून वीज बंद करून सकाळी सॉकेट बदलावा.

थोडक्यात

गावठाणात राहणाऱ्यांनी पिन संध्याकाळी लावावी, वीज रात्री अकरानंतर घ्यावी. वस्तीवरच्यांनी पंपाची पाळी बघून वेळ ठरवावी. स्मार्ट मीटर असेल आणि गाडी दुपारी घरी असेल, तर दुपार उत्तम. वारंवार व्होल्टेज पडत असेल तर महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. गल्लीत दुसरी ई-कार आली की आधी शेजाऱ्याशी पाळीचं बोलून घ्यावं. डीपी दोघांची एकच आहे.