पाणी ९८ अंशांना उकळले, मग वहीत १०० का?

प्रयोग का होत नाहीत, असे विचारले की आम्हां शिक्षकांची उत्तरे ठरलेली असतात. तास अपुरा, वर्गात साठ मुले, साहित्य कपाटात. फुटले तर भरून कोण देणार? ही उत्तरे खोटी नाहीत. पण आणखी एक कारण आपण सहसा बोलत नाही. प्रयोग पुस्तकाप्रमाणे 'आला' नाही, तर वर्गाला काय सांगायचे?

पाण्याचा उत्कलनबिंदू पाहण्याचा साधा प्रयोग घ्या. सिरसाळ्यात (ता. परळी, जि. बीड) चांगली तापमापी ९८ ते ९९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान थांबेल. ज्योत मोठी केली तरी पुढे सरकणार नाही. "सर, तापमापी बिघडली," असे म्हणून मुले वहीत १०० लिहितात आणि आपण त्यावर बरोबरची खूण करतो!

वास्तविक तापमापीचे काही चुकलेले नसते. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते. समुद्रसपाटीला हे १०० अंशांना घडते. सिरसाळा समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरला तो ९५-९६ च्या आसपास असतो.

एखादा मुलगा म्हणेल, "आपलं बोअरचं पाणी जड आहे, म्हणून असेल." शंका उत्तम आहे. पण विरघळलेल्या क्षारांमुळे उत्कलनबिंदू वाढतो, उतरत नाही. आणि बोअरच्या पाण्यातील क्षारांनी होणारी वाढ आपल्या तापमापीवर दिसणारही नाही. तापमापीवरच संशय असेल तर बर्फगोळ्याच्या गाडीवरून थोडा बर्फ आणावा. वितळत्या बर्फात ती शून्य दाखवते का, ते पाहावे. तिचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू देऊ नये.

मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तो २००२ पर्यंत चालला. त्यात मुले गटागटाने प्रयोग करीत आणि आपल्या निरीक्षणांवर वर्गात चर्चा करीत. परीक्षेत पुस्तक उघडायला मुभा होती. प्रयोगाची परीक्षा वेगळी असे. पाठ केलेल्या आकड्याला तिथे फारसा भाव नव्हता.

साठ मुलांच्या वर्गात साठ चंचुपात्रे नकोत. एकच भांडे ठेवावे. पाच मुलांनी पाळीपाळीने आकडा वाचून, एकमेकांना न दाखवता, चिठ्ठीवर लिहावा आणि मग सगळे आकडे फळ्यावर मांडावेत. कुणी १०० लिहिले असेल, तर त्याला पुन्हा एकदा तापमापीपाशी बोलवावे.