मामांसाठी कॉम्प्युटर घेताना

घरातल्या वयस्कर माणसासाठी कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला की तरुण मंडळी लगेच आकड्यांवर येतात. किती जीबी, कोणता प्रोसेसर, स्क्रीन किती इंची. ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला कोणी काही विचारत नाही. आमच्याकडेही तेच चाललं होतं. मुंबईचा मामेभाऊ टॅब्लेट घ्या म्हणत होता, सुरतेची मामेबहीण लॅपटॉपवर अडून बसली होती आणि मामा नंदुरबारला आपल्या ओट्यावर बसून फोनचा स्पीकर ऐकत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "माले टायपिंग करनं शे. बाकी तुम्हीच वापरा."

मामा धडगावच्या तहसील कचेरीत लिपिक-टंकलेखक होते. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून फुटून नंदुरबार जिल्हा झाला, त्याआधीच्या त्यांच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'जिल्हा धुळे' असायचं. नोटिसा, पंचनामे, सायक्लोस्टाइलचे स्टेन्सिल, सगळं त्यांनी मराठी टाइपरायटरवर बडवलेलं. निवृत्त झाल्यावर गल्लीतले लोक त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागले. वारसनोंद, सातबाऱ्यावरची चूक, डोंगरातून आलेल्या कुणाचा 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा दावा आणि त्याचं अपील. मामा ते सुवाच्य अक्षरात हातानं लिहून देत. आता हात कापतो.

म्हणून आधी कामांची यादी केली, आणि ती करताना एक गोष्ट लक्षात आली. ज्या कामांसाठी कॉम्प्युटर हवाच असं आम्हाला वाटत होतं, त्यातली बरीचशी कॉम्प्युटरची नव्हतीच. हयातीच्या दाखल्याचंच घ्या. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. 10 नोव्हेंबर 2014 ला 'जीवन प्रमाण' सुरू झालं तेव्हा त्यासाठी आधार आणि बोटाचा किंवा डोळ्याच्या बुबुळाचा ठसा घेणारं यंत्र लागायचं. म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, यंत्राला ठसा उमटत नाही आणि जिवंत माणूस यंत्रापुढं बोट पुसत बसतो. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला दिलं गेलं ते आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. त्यामुळे आधार नि बोटाच्या ठशाचे किस्से इथं घरोघर ऐकायला मिळतात. नोव्हेंबर 2021 पासून चेहरा दाखवूनही हा दाखला काढता येतो, आणि त्याला लागतो तो अँड्रॉइड फोन. म्हणजे ते काम फोनचं. नातवंडांशी व्हिडिओ कॉल, तोही फोनचा. कॉम्प्युटरकडे उरलं लिहिणं, छापणं आणि मोठ्या अक्षरात पेपर वाचणं. एवढं ठरल्यावर निम्मी भांडणं मिटली.

टॅब्लेट तिथंच बाद झाला. आयुष्यभर कळा ठोकलेल्या माणसाला काचेवर बोट फिरवायला लावणं हा छळ आहे. लॅपटॉपचा मुद्दा जरा वजनदार होता, कारण वीज गेली तरी तो चालू राहतो. पण लॅपटॉपचा पडदा कळांना जोडलेला असतो. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात वर जातात, हात टेबलावर ठेवावेत तर मान वाकते. मामांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना पडदा हातभर लांब आणि डोळ्यांच्या रेषेत हवा. शिवाय लॅपटॉपचा पडदा गेला तर तो सुरतेला पाठवावा लागतो असं खुद्द दुकानदारच म्हणाला. पडद्याच्या पाठीतच सगळं बसवलेला ऑल-इन-वन दिसायला देखणा, पण एक भाग बिघडला की सगळंच उचलून न्यायचं. साधा डेस्कटॉप घ्यायचा, सुटा पडदा, सुटा कीबोर्ड, असं ठरलं. माउस बिघडला तर माउस बदलायचा, पडदा गेला तर पडदा. घरात इन्व्हर्टर आहे, जोडीला छोटा यूपीएस घेतला की लाइट जाता-येताच्या झटक्यात अर्ज वाहून जात नाही.

साधेपणाचा हा हव्यास जुनाच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी 2001 च्या सुमारास 'सिंप्युटर' आणला, गावातल्या निरक्षर माणसालाही वापरता यावा म्हणून. 2011 च्या ऑक्टोबरात स्वस्त 'आकाश' टॅब्लेटचा गाजावाजा झाला. इंग्लंडात 2009 मध्ये 'सिम्प्लिसिटी' नावाचा खास म्हाताऱ्यांसाठीचा कॉम्प्युटर निघाला, त्याच्या पडद्यावर फक्त सहा बटणं होती. कल्पना चांगली, पण सहा बटणं कोणती हे बनवणारा ठरवतो. मामांना लागणारं बटण त्या सहांत असतंच असं नाही.

दुकानात मी मुद्दाम मामांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागं उभा राहिलो. माउस त्यांनी शाईच्या शिक्क्यासारखा धरला, वरून, चारही बोटांनी. बाण जागेवर नेईपर्यंत ठीक. पण दोनदा टिचकी मारायची वेळ आली की पहिल्या टिचकीला हात किंचित सरकायचा आणि दुसरी टिचकी भलतीकडेच पडायची. फाइल उघडायच्या ऐवजी ओढली जायची, शेजारच्या फोल्डरात जाऊन पडायची. "हाई कुठे गयं?" मामा विचारत. दुकानातला पोरगा म्हणाला, "सवय होईल बाबा." कापणाऱ्या हाताला कसली सवय होणार? विंडोजमध्ये एका टिचकीत फाइल उघडण्याची सोय पूर्वीपासून आहे, फोल्डरच्या पर्यायांत. ती चालू केली, बाणाचा आकार वाढवला, रंग बदलला, बाणाचा वेग कमी केला. माउस वायरचाच घेतला, म्हणजे सेल संपायला नको आणि तो सोफ्याखाली हरवायला नको. दोन मिनिटांचं काम, पण नवा कॉम्प्युटर विकताना ते कोणी करून देत नाही.

त्याच पोरानं नंतर एक स्वस्त प्रस्ताव मांडला. एखाद्या कंपनीनं काढून टाकलेला, साफसूफ केलेला जुना डेस्कटॉप, आय-फाइव्ह प्रोसेसर, किंमत निम्म्याहून कमी. आय-फाइव्ह ऐकून माणूस भुलतो. पण पिढी विचारायची. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, आणि हा होता सहाव्या पिढीचा. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा असली यंत्रं बाजारात ढिगानं आली. अशा यंत्रावर लिनक्स उत्तम चालतं, फुकट आहे, मराठीही दिसतं. मी स्वतः पुण्यात तेच वापरतो. पण मी पुण्यात आहे. मामांच्या गल्लीत येऊन लिनक्स दुरुस्त करणारा मला सापडला नाही, म्हणून विंडोजच घेतलं. नवा आय-थ्री, 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी. मामांना याहून जास्त लागत नाही. वाचलेले पैसे 24 इंची पडद्यात घातले आणि अक्षरं दीडपट केली.

खरी गंमत कीबोर्डची. मराठी टायपिंग म्हटलं की आजची पोरं इंग्रजीत 'एम-ए-एम-ए' मारून 'मामा' उमटवतात. सरकारचा प्रमाण कीबोर्ड इन्स्क्रिप्ट, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. शिकायला सोपा, हे खरं. पण मामांची बोटं शिकलेली होती रेमिंग्टनच्या मांडणीवर, गोदरेजच्या टाइपरायटरवर. गोदरेजनं 1955 मध्ये सुरू केलेलं टाइपरायटरचं उत्पादन 2009 मध्ये थांबवलं. यंत्र संपलं तरी बोटं अजून तीच आहेत. विंडोजमध्ये मराठीच्या दोन मांडण्या आयत्या मिळतात, इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी. टाइपरायटरची वेगळी घालावी लागते, पुण्याच्या सी-डॅकच्या साधनांत ती आहे. एकच काळजी घ्यायची, उमटणारी अक्षरं युनिकोडमध्येच हवीत. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलं तर मामांच्या पडद्यावर 'अर्जदार' दिसतं आणि दुसऱ्याच्या फोनवर कचरा.

मांडणी बसवली, टीव्हीएसचा तो खडखड वाजणारा गोल्ड कीबोर्ड जोडला, जो बँकेत नि तिकिटाच्या खिडकीवर असायचा. मामांनी चष्मा सारखा केला, पाठ ताठ केली आणि 'मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' हे एका दमात उमटवलं. खाली न बघता. माउसवर चाचपडणारा तो हात जणू दुसऱ्याच कोणाचा होता. दुकानातला पोरगा हातातला चहा तसाच धरून बघत राहिला.

मग लक्षात आलं की ओळ संपत आली की मामा थांबतात. टाइपरायटरवर तिथं घंटी वाजते. ती वाजली नाही म्हणून अंदाजानं प्रत्येक ओळीच्या शेवटी ते एंटर मारत होते, कॅरेज मागं सरकवल्यासारखं. अक्षराचा आकार बदलला की सगळा मजकूर दातेरी व्हायचा. हे सोडवायला दोन-तीन बैठका गेल्या. दुसरा त्रास शिफ्टचा. काय टंकायचं हे आठवेपर्यंत शिफ्ट पाच वेळा ओळीनं दाबली गेली की विंडोज 'स्टिकी कीज' हव्यात का विचारतं, उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की 'फिल्टर कीज'. रेमिंग्टनवाल्याचं करंगळीचं काम शिफ्टवरच चालतं, त्यामुळे हे प्रश्न सारखे उपटायचे. दोन्ही शॉर्टकट बंद केले. अपडेटची वेळ रात्रीची ठेवली. पडद्यावर चारच चिन्हं: अर्ज, पेपर, छापा, बंद करा. ती वर्षभर त्याच जागी राहतील असं बघायचं. म्हातारी माणसं नवं शिकत नाहीत असं म्हणतात ते खोटं आहे. शिकलेलं रोज दुसऱ्या जागी सापडतं, त्याला ती वैतागतात.

सुरक्षेसाठी काही गोष्टी पक्क्या केल्या. मामांचं खातं साधं ठेवलं, काही नवं बसवायचं तर माझा पासवर्ड लागतो. ब्राउझरच्या सूचना बंद, जाहिराती अडवणारी सोय चालू. आणि या यंत्रावर बँकेचं काम अजिबात करायचं नाही. मी पुण्याहून त्यांचा पडदा माझ्याकडे घेऊन अडचण सोडवतो, विंडोजमध्ये तशी सोय आहेच. पण ठकसेनही नेमकं हेच करतात. म्हणून नियम असा की मामांनी मला फोन करायचा, आणि स्वतःहून फोन करून पडदा मागणारा कोणीही असो, पोलीस म्हणो की बँकवाला, फोन ठेवायचा. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर पडद्याच्या चौकटीवर चिकटवला आहे. मामींनाही तो पाठ आहे.

एक स्थानिक बाब राहिली. नंदुरबारात हंगामात लाल मिरची पथाऱ्यांवर वाळत असते आणि वारं फिरलं की तिचा ठसका गल्लीपर्यंत येतो. कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा ती धूळ आत ओढतो. डबा जमिनीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून हवा मारून घ्या. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की धुळीनं बुजलेला पंखा आधी आचके देतो, मग यंत्र आपोआप बंद पडू लागतं.

हे सगळं मी दूर बसून करू शकत नाही. म्हणून कॉम्प्युटर ज्या दुकानातून घेतला ते सर्वांत स्वस्त नव्हतं. त्याचा एक तंत्रज्ञ मामांच्या घरापासून चालत येण्याइतक्या अंतरावर राहतो, म्हणून ते निवडलं. तो घरी येतो, मामांशी अहिराणीत बोलतो आणि येण्याचे पैसे सांगून घेतो. मामांच्या दाराशी आता सकाळी दोन-चार लोक अर्ज घेऊन बसलेले असतात. तुम्ही तुमच्या घरच्यांसाठी घ्यायला निघालात तर हमी किती वर्षांची हे विचाराच, पण त्याआधी बिघडल्यावर घरी कोण येणार, त्याचं नाव आणि नंबर मागा. दुकानदाराला ते सांगता आलं नाही तर पुढचं दुकान बघा.